गेलेलें बळ आणि ग्रंथिरस

भुसावळसारख्या रेल्वेच्या गांवीं वार्धक्य पाहावयाचें असेल, तर संध्याकाळीं ऊन उतरल्यावर रेल्वे वसाहतीच्या बाजूस फिरावयास जावें. झाडांखालच्या बांकांवर सेवानिवृत्त मंडळी बसलेली असतात. कोणी गार्ड होते, कोणी फिटर, कोणी तिकीट तपासनीस. गोष्टी चालतात त्या गाड्यांच्या, बदल्यांच्या आणि नातवंडांच्या. परंतु बैठक मोडण्याच्या वेळीं थोडें थांबून पाहिलें, तर एक गोष्ट नजरेंतून सुटत नाहीं. ज्या हातांनीं एके काळीं लोखंड वाकविलें, ते हात आतां बांकाच्या कडेवर रोवले जातात. एक हेलकावा, दुसरा हेलकावा, आणि मग कोठें देह उभा राहतो. 'वय झालें' या दोन शब्दांत आपण त्या हेलकाव्याची बोळवण करतों. पण हें बळ जातें कोठें आणि तें परत आणतां येतें काय, या प्रश्नांमागें मोठ्या शोधांचा व तितक्याच मोठ्या फसगतींचा इतिहास आहे. आणि तो आपल्या घरांतील वृद्धांच्या प्रत्यक्ष उपयोगाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या एका मामांची हकीकत येथें प्रथम सांगितली पाहिजे, कारण या विषयाकडे आमचें लक्ष त्यांच्यामुळें गेलें. मामा तरुणपणीं वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. भट्टीच्या तोंडाशीं उभें राहून, गाडी धांवत असतां, फावड्यानें कोळसा टाकीत राहावयाचें. एका फेरींत कित्येक टन कोळसा त्यांच्या हातांखालून जाई. पुढें ते ड्रायव्हर झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झाले. त्यानंतरही वीस वर्षें पाणी भरण्याची, बाजारांतून जड पिशव्या आणण्याची आणि पहाटे तापीच्या बाजूस चालत जाण्याची त्यांची संवय सुटली नव्हती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्यांस मोठा ताप आला आणि तीन आठवडे अंथरुणांत गेले. ताप उतरला, परंतु आम्हीं त्यांस उठूं दिलें नाहीं. 'मामा, आयुष्यभर पुष्कळ केलेंत. आतां स्वस्थ पडा,' असें भाचे, सुना, नातवंडें सारींच म्हणत. चहा अंथरुणावर, जेवण अंथरुणावर. आमच्यांतील एकानें तर घोड्याचें चित्र असलेली, भारी किंमतीची शक्तीच्या औषधाची बाटली आणून त्यांच्या उशाशीं ठेवली. पुढें काय झालें तें मागाहून सांगूं. तूर्त एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, आम्हीं दोन गोष्टी केल्या: श्रम काढून घेतले आणि बाटली दिली.

बळ बाहेरून आणून देतां येतें, ही समजूत फार जुनी आहे. आपल्या वैद्यकाच्या आठ अंगांत रसायन आणि वाजीकरण अशीं दोन स्वतंत्र अंगें मानलीं आहेत. एकाचा हेतु जरा दूर ठेवणें, दुसऱ्याचा पौरुष टिकविणें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच या दोन प्रकरणांनीं होतो. अश्विनीकुमारांनीं च्यवन ऋषींस पुन्हा तारुण्य दिल्याची कथा सर्वश्रुत आहे, आणि त्यांच्या नांवाचा अवलेह आजही घरोघर चाटला जातो. सहासातशें वर्षांपूर्वींच्या शार्ङ्गधरसंहितेंत तर वयाचा हिशेबच मांडला आहे. आयुष्याचें एकेक दशक जातांना एकेक वस्तु घेऊन जातें. पहिलें बाल्य नेतें, दुसरें वाढ, तिसरें कांति, आणि असें होतां होतां सातवें दशक शुक्र नेतें व आठवें विक्रम, म्हणजे पराक्रमाचें बळ. हा क्रम मोठ्या सूक्ष्म अवलोकनाचा आहे यांत शंका नाहीं. परंतु दोन गोष्टी एकीमागून एक जातांना दिसल्या, कीं पहिली हीच दुसरीचें कारण आहे, असें मनुष्याच्या मनास वाटूं लागतें. शुक्र गेलें म्हणून बळ गेलें. तेव्हां शुक्र परत आणावें म्हणजे बळ परत येईल. या तर्कानें पौर्वात्य आणि पाश्चात्त्य दोघांसही सारखेंच भुलविलें आहे.

पाश्चात्त्य देशांत या तर्कास प्रयोगाचें रूप प्रथम आलें तें कोंबड्यांमुळें. १८४९ सालीं जर्मनींतील गटिंगेन येथें आर्नोल्ड बर्थोल्ड या शास्त्रज्ञानें सहा तरुण कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढून टाकलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, त्याचें आरवणें व भांडणें थांबतें, ही गोष्ट शेतकऱ्यांस ठाऊकच होती. बर्थोल्डनें कांहीं कोंबड्यांच्या उदरांत वृषण पुन्हा भलत्याच जागीं बसविलें. तेथें पूर्वींच्या मज्जातंतूंचा संबंध उरला नव्हता, तरीही तुरा टवटवीत राहिला आणि कोंबडा आरवत राहिला. यावरून त्यानें अनुमान काढलें, कीं वृषणांतून कांहीं तरी रक्तांत मिसळतें आणि तें सर्व देहावर परिणाम करतें. अनुमान बिनचूक होतें; पण त्याकडे पुढें कित्येक वर्षें कोणी लक्ष दिलें नाहीं.

लक्ष वेधलें तें एका वृद्धानें. शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हा मॉरिशस बेटांत १८१७ सालीं जन्मलेला, पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समधील नामांकित शरीरशास्त्रज्ञ. १ जून १८८९ रोजीं, बहात्तर वर्षांच्या वयांत, तो पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढें उभा राहिला आणि कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यांत काढलेला रस आपण स्वतःस टोंचून घेतल्याचें त्यानें सांगितलें. प्रयोगशाळेंत तासन्‌तास उभें राहण्याची ताकद परत आली, जिने पुन्हा धांवत चढतां येऊं लागले, आणि बलमापक यंत्रावर हाताच्या स्नायूंचें बळ सहासात किलोंनीं वाढलेलें दिसलें, असा त्याचा दावा होता. बातमी जगभर पसरली आणि थोड्याच दिवसांत 'जीवनरसा'च्या कुप्या ठिकठिकाणीं विकल्या जाऊं लागल्या.

त्या रसांत खरोखर काय होतें? याचें निश्चित उत्तर मिळण्यास एकशें तेरा वर्षें जावीं लागलीं. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं ब्राउन-सेकारच्याच कृतीनें रस काढून त्याची परीक्षा केली, तेव्हां त्यांत पौरुषस्रावाचा अंश इतका अल्प आढळला कीं त्याचा देहावर कांहींही परिणाम होणें शक्य नव्हतें. पौरुषस्राव पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, आणि वृषण तो सांठवून ठेवीत नाहीं. तयार होतांच रक्तांत सोडतें. तेव्हां वृद्ध पंडिताच्या मनगटांत जें बळ आलें, तें रसाचें नव्हे, विश्वासाचें होतें. ब्राउन-सेकार लबाड नव्हता. तो स्वतःच्या आशेस फसला. १८९४ सालीं त्याचा अंत झाला. तरीही त्याचें ऋण मानलें पाहिजे, कारण त्याच्या चुकीनें एक खरा प्रश्न विद्वानांपुढें आला.

त्या प्रश्नाचें उत्तर हळूहळू मिळत गेलें. १९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग या दोघांनीं आंतड्यांतून निघून रक्तावाटे स्वादुपिंडास जागें करणारा एक रस दाखवून दिला, आणि १९०५ सालीं स्टार्लिंगनें अशा सर्व रसांस 'हार्मोन' हें नांव दिलें. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतविणें, हालचालीस प्रवृत्त करणें असा आहे. आपण त्यास संप्रेरक म्हणतों. नांवांतच सारें आलें आहे. हा रस बळ नव्हे. हा निरोप आहे. रेल्वेच्या गांवीं सांगावयाचें तर ही गार्डाची हिरवी झेंडी आहे. झेंडीवांचून गाडी सुटत नाहीं, हें खरें. पण बॉयलरमध्यें वाफच नसेल, तर झेंडी कितीही जोरानें हालवून गाडी इंचभर सरकत नाहीं.

हा भेद लोकांच्या ध्यानांत येण्यापूर्वींच बाजार तेजींत आला होता. व्हिएन्नाचा ऑयगेन स्टाइनाख यानें शुक्रवाहिनी बांधून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनें तारुण्य परत येतें असें प्रतिपादिलें. ती शस्त्रक्रिया १९२३ सालीं मनोविश्लेषणाचा प्रणेता फ्रॉइड यानें आणि १९३४ सालीं आयरिश कवि येट्स यानें करून घेतली. पॅरिसमध्यें सर्ज व्होरोनॉफ १९२० पासून माकडांच्या वृषणाच्या चकत्या धनिक वृद्धांच्या अंगांत बसवूं लागला. शेवटीं १९३५ सालीं खरा पदार्थ हातीं लागला. ॲमस्टरडॅममध्यें एर्न्स्ट लाकर व त्याचे सहकारी यांनीं बैलांच्या सुमारें १०० किलो वृषणांतून अवघे १० मिलिग्रॅम स्फटिक मिळविले आणि त्यांस 'टेस्टोस्टेरॉन' हें नांव दिलें. त्याच वर्षीं बुटेनांट आणि रुझिच्का यांनीं तो कृत्रिम रीतीनें तयार केला. १९३९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या दोघांस जाहीर झालें. आतां रस खरा होता, मोजतां येत होता, हवा तितका करतां येत होता. प्रश्न मात्र जुनाच राहिला: तो दिल्यानें वृद्धाचें बळ परत येतें काय?

याच सुमारास आपल्या देशांतही वार्धक्यावरील उपायांची मोठी चर्चा चालू होती. चरकानें रसायनाचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक कुटीप्रावेशिक, म्हणजे वारा व ऊन न लागेल अशा कुटींत राहून घ्यावयाचें. दुसरा वातातपिक, म्हणजे वाऱ्याउन्हांत नित्याचे व्यवहार करीत घ्यावयाचें. १९३८ सालीं पंडित मदनमोहन मालवीय यांनीं वयाच्या शहात्तराव्या वर्षीं तपसीबाबा नांवाच्या साधूंच्या देखरेखीखालीं कुटींत राहून कायाकल्प केला. देशभरच्या वृत्तपत्रांनीं त्याची वार्ता छापली आणि कायाकल्प हा शब्द घरोघर झाला. इतक्या थोर पुरुषाविषयीं अनादराचा शब्द लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जो नवा जन्म लोकांनीं अपेक्षिला होता, तो आला नाहीं, हें तेव्हांच दिसून आलें.

त्याच १९३८ सालीं लंडन येथें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचे कर्ते औंध संस्थानचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधि, आणि संपादिका लुइझ मॉर्गन या पत्रकार बाई. विषय सूर्यनमस्कारांचा. बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. म्हणजे त्या वर्षीं ते सत्तरीचे होते. तरुणपणीं त्यांनीं सॅंडो या प्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीनें, त्याचीं उपकरणें आणवून, कित्येक वर्षें व्यायाम केला. पुढें मिरजेच्या संस्थानिकांच्या सूचनेवरून ते नमस्कारांकडे वळले आणि वृद्धपणींही तो नेम त्यांनीं सोडला नाहीं. आपल्या संस्थानांतील शाळांतून त्यांनीं नमस्कार सुरू केले, पुस्तकें लिहिलीं, गांवोगांव प्रात्यक्षिकें दाखविलीं. १९५१ सालीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, ते निवर्तले. नमस्कारांनीं अमुक रोग बरे होतात असे जे अनेक दावे त्यांनीं केले, ते सर्वच आजच्या कसोटीस उतरतील असें नाहीं. परंतु मुद्द्याची गोष्ट त्यांस उमगली होती. नमस्कारांत मनुष्य वांकतो, तळहातांवर आपल्या देहाचा भार घेतो, आणि पुन्हा स्वतःच्याच पायांवर उभा राहतो. यंत्र नाहीं, औषध नाहीं. देहाचें ओझें देहानेंच उचलावयाचें. बांकावरून उठतांना वृद्धास जें साधत नाहीं, त्याचाच हा नित्य अभ्यास होय.

औंधच्या राजांचें म्हणणें शास्त्रीय कसोटीवर सिद्ध होण्यास आणखी पन्नास वर्षें लागलीं. आश्चर्य असें, कीं उतारवयांत स्नायु झिजण्याच्या या अवस्थेस १९८९ पर्यंत स्वतंत्र नांवही नव्हतें. त्या वर्षीं अमेरिकेंतील आयर्विन रोझेनबर्ग यांनीं 'सार्कोपेनिया' हा शब्द घडविला. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ मांसाची उणीव असा आहे. पुढच्याच वर्षीं, १९९० च्या जून व जुलै महिन्यांत, दोन निबंध पाठोपाठ प्रसिद्ध झाले. पहिला बोस्टनच्या मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांचा. वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुर्बळ स्त्रीपुरुषांकडून त्यांनीं आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम करविला. पायांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें आणि मांडीच्या स्नायूंचें क्षेत्रफळ ९ टक्क्यांनीं वाढलें. दुसरा निबंध डॅनियल रडमन यांचा. एकसष्ट वर्षांवरील बारा पुरुषांस सहा महिने वृद्धिस्राव टोंचला. त्यांच्या देहांतील चरबीविरहित भाग ८.८ टक्क्यांनीं वाढला आणि चरबी १४.४ टक्क्यांनीं घटली.

जग कोणत्या निबंधामागें धांवलें, हें सांगावयास नकोच. नव्वदीच्या म्हातारीनें वजन उचलून मिळविलेलें बळ कोणास विकतां येत नाहीं. वृद्धिस्रावाची कुपी विकतां येते. रडमन यांच्या निबंधाचा हवाला देत कित्येक वर्षें तारुण्याचीं दुकानें चाललीं. परंतु १९९६ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं सत्तरीच्या घरांतील निरोगी पुरुषांस तोच स्राव देऊन पाहिला, तेव्हां मांस थोडें वाढलें, पण बळ वाढलें नाहीं. वजनकांट्यावर दिसणारें मांस आणि जिना चढविणारें बळ या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें त्यावरून स्पष्ट झालें.

असें कां व्हावें? स्नायु ही बांधून संपलेली इमारत नव्हे. तेथें पाडकाम आणि बांधकाम अहोरात्र चालू असतें. टेस्टोस्टेरॉन, वृद्धिस्राव, आणि स्त्रियांच्या बाबतींत इस्ट्रोजेन हे बांधकामास उत्तेजन देतात. इन्सुलिन पाडकाम आवरतें. दुखण्यांत वाढणारें कॉर्टिसॉल पाडकाम वाढवितें. वयाबरोबर पहिले निरोप क्षीण होतात, ही गोष्ट खरी. स्त्रियांत ऋतुनिवृत्तीच्या वेळीं हा उतार थोड्या वर्षांत येतो, पुरुषांत तो अनेक वर्षांवर पसरलेला असतो. परंतु त्याहून महत्त्वाचें असें, कीं म्हातारा स्नायु निरोप ऐकेनासा होतो. तरुण स्नायूस जेवढ्या प्रथिनानें जाग येते, तेवढ्यानें म्हाताऱ्यास येत नाहीं. शिवाय पाठीच्या कण्यांतून स्नायूंकडे जाणारे कांहीं मज्जातंतु मरतात. आणि झटकन्‌ आकुंचन पावणारे, तोल जातांना देह सांवरणारे तंतु अधिक झिजतात. म्हणून वृद्ध माणूस अडखळला, कीं पाऊल पुढें टाकण्याआधींच पडतो. या बहिरेपणावर आजवर सांपडलेला खात्रीचा उपाय एकच आहे: स्नायूस त्याच्या शक्तीच्या कांठापर्यंत काम देणें. कामानें तो जागा होतो आणि मग आलेला निरोप व खाल्लेलें अन्न त्यास लागू पडतें.

याचीही परीक्षा झाली आहे. १९९४ सालीं फियाटारोन यांनीं वृद्धाश्रमांतील शंभर जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. ज्यांनीं वजनें उचललीं, त्यांचें बळ दुपटीहून अधिक झालें. ज्यांस नुसतें पौष्टिक पेय दिलें, त्यांस कांहीं लाभ झाला नाहीं. टेस्टोस्टेरॉनविषयीं २०१६ सालीं पासष्ट वर्षांवरील ७९० पुरुषांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सर्व रक्तांतील प्रमाण खरोखर कमी असलेले पुरुष होते. वर्षभर औषध घेऊन त्यांची कामेच्छा कांहींशी वाढली. चालण्यांत पडलेला फरक अल्प होता आणि उत्साहांत म्हणण्यासारखा पडला नाहीं. २०२३ सालच्या पांच हजारांहून अधिक पुरुषांवरील प्रयोगांत हृदयविकाराचा धोका वाढला नाहीं, ही समाधानाची गोष्ट. परंतु हृदयाचे ठोके अनियमित होणें, फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकणें यांचें प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक निघालें, आणि पुढच्या वर्षीं समजलें कीं त्यांच्यांत हाडें मोडण्याचें प्रमाणही अधिक होतें. ग्रंथीच्या रोगानें ज्यांचा स्राव खरोखर आटला आहे, त्यांस हें औषध डॉक्टरांनीं द्यावेंच. पण केवळ वय झालें म्हणून तें घेणें, म्हणजे ब्राउन-सेकारचीच कुपी नव्या वेष्टनांत घेणें होय.

हा सारा इतिहास दूरच्या देशांचा आहे, आपला काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो आपल्याच प्रांतांत सिद्ध झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. पण हा तुटवडा सर्वांगीं सारखा नव्हता. आपल्या बालकांचे स्नायु फार उणे होते, आणि त्वचेखालची चरबी त्या मानानें टिकून होती. पुण्याच्या बालकांच्या नाळेच्या रक्तांत इन्सुलिनही अधिक आढळलें. दिसावयास कृश, आंतून मेदयुक्त, अशी ही आपली घडण जन्मापासूनची आहे. स्नायु ही म्हातारपणाची शिल्लक मानली, तर आपण व्यवहारास बसतों तेव्हांच भांडवल तोकडें असतें. ज्याचें भांडवल तोकडें, त्यानें उधळपट्टी करूं नये, हें खानदेशांतील व्यापाऱ्यास शिकवावयास नको.

आणि आपण उधळपट्टी करतों ती प्रेमानें करतों. घरांत म्हातारें माणूस आहे, त्यानें कामास हात लावणें म्हणजे आपली अब्रू गेली, असें सुशिक्षित कुटुंबांस वाटतें. पाटावर बसून जेवणें गेलें, त्याबरोबर दिवसांतून चारदां जमिनीवरून उठणें गेलें. घरच्या स्त्रियांचें जातें आणि पाटावरवंटा गेला, तें योग्यच झालें. त्या कष्टांचे गोडवे आम्ही गाणार नाहीं, कारण त्या कष्टांनीं कित्येकींचीं शरीरें अकालीं मोडलीं. परंतु कष्ट जावेत आणि श्रम राहावेत, हा विवेक आपण केला नाहीं. २००७ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी स्त्रीपुरुषांस दहा दिवस केवळ अंथरुणांत पडून राहावयास लाविलें. त्यांना आजार नव्हता, अन्नही बेताचें योग्य होतें. दहा दिवसांत प्रत्येकाच्या पायांतून सुमारें एक किलो मांस गेलें आणि गुडघा ताठ करण्याचें बळ सुमारें १६ टक्क्यांनीं उतरलें.

हें आम्हांस ठाऊक झालें तें मामा गेल्यानंतर. ताप उतरल्यावरही दीड महिना आम्हीं त्यांस अंथरुणांत राखलें. बाटली संपली, दुसरी आली. एके दिवशीं पहाटे कोणास न उठवितां ते न्हाणीघराकडे निघाले, उंबऱ्याशीं पाय अडखळला आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया चांगली झाली, डॉक्टर चांगले होते. परंतु ज्या पायांवर उभें राहावयाचें, त्यांत कांहीं उरलें नव्हतें. आठ महिन्यांनीं ते गेले. तापानें जें बळ नेलें नव्हतें, तें आमच्या सेवेनें नेलें, हें आज आम्हांस म्हटलेंच पाहिजे. टन टन कोळसा उपसणाऱ्या माणसाच्या हातून आम्हीं पाण्याचा तांब्यासुद्धां काढून घेतला होता.

वाचकांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार एवढाच. तरीही कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतां येतील. २०१९ सालीं आशियांतील तज्ज्ञांनीं ज्या खुणा ठरविल्या, त्या घरांतही पाहतां येतात. हात छातीशीं धरून खुर्चीवरून पांच वेळां उठतां-बसतां बारा सेकंद किंवा अधिक लागले, अथवा पोटरीचा घेर पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी भरला, तर सावध व्हावें आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उपाय त्या परीक्षेंतच आहे: तेंच खुर्चीवरून उठणें, रोज, थोडें थोडें वाढवीत. सत्तरीनंतर एकदम सूर्यनमस्कारांस आरंभ करूं नये. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर विचारून करावें. सुश्रुतानें आपल्या बळाच्या अर्ध्यानें व्यायाम करावा असें सांगितलें आहे, तें नवशिक्या वृद्धास आजही योग्य आहे; पुढें मात्र भार वाढवीत गेलें पाहिजे. अन्नाविषयीं म्हणावें, तर दर किलो वजनामागें दिवसास १ ते १.२ ग्रॅम प्रथिन वृद्धांस हवें असतें. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांस विचारून. आमच्या भागांत केळीं मुबलक, पण केळ्यांत प्रथिन नाममात्र. त्याऐवजीं ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, उडदाचें वरण, दूध, आणि चालत असेल त्यास अंडीं, हीं अधिक उपयोगाचीं. वृद्ध माणसें चहा-बिस्किटांवर दिवस काढतात आणि आपण त्यांस भूकच नसते असें म्हणतों, हें थांबलें पाहिजे.

मामी आज ऐंशीच्या पुढें आहेत. सकाळीं देवपूजा आटोपली, कीं त्या स्वयंपाकघरांतील लांकडी खुर्चीवर बसतात आणि हात न टेकतां दहादां उठतात. नात शेजारीं उभी राहून मोजते. मग पितळी तपेलींत पाणी घेऊन अंगणांतील तुळशीपर्यंत जातात. तपेलें जड असतें, पाणी थोडें हिंदकळतें. आम्ही संवयीनें उठून पुढें होतों, आणि अर्ध्या वाटेंत थांबतों. मामी आपलें पाणी आपण घालतात.